दारी आलेल्यांचा मुक्काम

फाल्गुन लागला की बुलढाणा आणि चिखली येथील एस. टी. स्थानकांवर सैलानीच्या जादा गाड्या दिसू लागतात. बुलढाणे तालुक्यात पिंपळगाव सराई म्हणून एक गाव आहे. त्याच्या जवळच हाजी अब्दुर रहमान ऊर्फ सैलानी बाबा यांचा दर्गा आहे. होळीच्या दिवशी येथे नारळांची होळी पेटते आणि पुढे पाचव्या दिवशी पिंपळगाव सराईहून वाजतगाजत संदल निघतो. दर्गा मुसलमान अवलियाचा, मुहूर्त हिंदूंच्या सणाचा आणि येणारा भक्त कोणत्याही जातीचा, कोणत्याही जिल्ह्याचा, असा हा मेळावा शंभराहून अधिक वर्षे भरत आला आहे.

यात्रा आटोपते. पाले उठतात, दुकाने मोडतात, जादा गाड्या आपापल्या आगारांत परत जातात. परंतु काही कुटुंबे मागे राहतात. कोणी महिनाभर राहते, कोणी सहा महिने. त्यांत बहुधा एखादी म्हातारी आई असते आणि तिच्याजवळ बसलेला, आपल्याशीच काही पुटपुटणारा, तिचा वाढत्या वयाचा मुलगा. गावच्या वैद्याचे झाले, देवऋष्याचे झाले, शहरच्या डॉक्टरचेही झाले. आता बाबांच्या दारात जे होईल ते होवो, असे म्हणून ती तेथे चूल मांडते. तिला कोणी विचारले तर ती मुलाच्या रोगाविषयी फारसे सांगणार नाही. ती एवढेच म्हणेल की, माझ्यामाघारी याचे कोण?

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. पण ज्या घरात असे एखादे माणूस आहे, त्या घरात दिवाळीच्या दिवशीच हा प्रश्न सर्वांत अधिक बोचतो. पाहुणे येणार म्हणून कोणाला तरी आतल्या खोलीत बसवावे लागते. फराळाचे एक ताट आत जाते आणि बाहेर त्या ताटाविषयी कोणी बोलत नाही. अशा माणसांना आपल्या प्रांताने आजवर कोठे ठेवले आणि कोणी सांभाळले, याची हकीकत एकदा नीट पाहण्यासारखी आहे.

वऱ्हाडचा धर्मेतिहास चाळू लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. या प्रांताने ज्यांना पुढे देव मानले, त्यांतल्या काहींना आरंभी लोकांनी वेडे म्हटले होते. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होऊन गेले. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर हे त्यांचे शिष्य. गोविंदप्रभूंनी कोणाच्याही घरात शिरावे, हाताला येईल ते खावे, देवळातल्या देवाशी खेळावे, क्षणात हसावे आणि क्षणात रागवावे. म्हाइंभटांनी त्यांच्या या लीला मोठ्या निष्ठेने टिपून ठेवल्या आहेत. त्या वाचताना आपल्या मनावर ठसते ते त्यांच्याभोवतीच्या माणसांचे वागणे. चक्रधर ज्या मेहकर-लोणारच्या वाटांनी हिंडले, त्या वाटांवरचे त्यांचे शिष्य पुढे चक्रधरांच्या माघारी रिद्धपूरला गोळा झाले आणि त्यांनी या लहरी वृद्धाची वर्षानुवर्षे सेवा केली. त्यांना न्हाऊ घालणे, जेवू घालणे, ते निघाले की मागोमाग जाणे, हाच त्या शिष्यांचा धर्म झाला.

शेगावची कथा तर घरोघर ठाऊक आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झाली होती. बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरचे शितकण एक दिगंबर तरुण वेचून खात होता. बंकटलाल अगरवाल यांच्या नजरेस तो पडला आणि त्यांनी त्याला आपल्या घरी नेले. त्यालाच पुढे लोक गजानन महाराज म्हणू लागले. ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. आज शेगाव हे साऱ्या महाराष्ट्राचे क्षेत्र आहे. श्रद्धा बाजूस ठेवून इतिहासाच्या नजरेने पाहिले, तरी या प्रसंगात एक गोष्ट उरतेच. उष्ट्या पत्रावळींवर बसलेल्या एका अनोळखी माणसाला कोणी हाकलले नाही. त्याला घर मिळाले.

संताचे वेड आणि रुग्णाचे वेड या भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वेड लागलेल्या प्रत्येकाची काही पूजा झाली नाही. दगड मारणारी पोरे वऱ्हाडातही होतीच. परंतु जो माणूस आपल्याला कळत नाही तो कदाचित थोरही असेल, ही शंका या लोकांच्या मनात कायमची घर करून राहिली. त्या शंकेने देवळाचे, मठाचे आणि दर्ग्याचे दार अशा माणसांसाठी उघडे ठेवले.

हे दार उघडे असताना सरकारी दार कसे होते, तेही पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८५८ साली इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांविषयी कायदा केला आणि १८६४ साली नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, तेव्हा तर नागपूर हेच राजधानीचे शहर झाले. पण बुलढाण्याच्या घाटावरून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास पडते. त्या काळी खेड्यातल्या कुटुंबाला ते परदेशासारखेच होते. शिवाय त्या कायद्याची वाट पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्यावरून जात असे. भटकणाऱ्या वेड्यास पोलिसाने धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि हुकूम झाला की भिंतीआड पाठवावे, असा तो क्रम. १९१२ च्या कायद्यानेही त्यात मूलतः फारसा फरक पडला नाही. त्या भिंतीआड औषध असेल, अन्न असेल, पण आईला जागा नव्हती. मुलाला आत सोडून तिने परत यावयाचे.

सैलानीला मात्र हुकूम लागत नव्हता, अर्ज लागत नव्हता, आणि मुख्य म्हणजे आईला परत जावे लागत नव्हते. बुलढाणे जिल्ह्याच्या सीमेवर, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, महानुभावांचे ‘जाळीचा देव’ हे स्थान आहे. तेथेही बाधा झालेल्यांना घेऊन कुटुंबे मुक्कामास येतात. आमच्या मते या स्थानांचे सामर्थ्य मंत्रात किंवा ताइतात शोधण्यापेक्षा या मुक्कामात शोधावे. घरी ज्याला लपवावे लागे, त्याला येथे लपवावे लागत नाही. शेजारच्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईचाही मुलगा तसाच आहे. कोणी कोणाला हसत नाही. भाकरीचे पीठ उसने मिळते आणि दुःख सांगावयास शेजारीण मिळते. जे माणूस वर्षभर शेजाऱ्यांची नजर चुकवून जगले, त्याला हा केवढा विसावा असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल.

या मुक्कामाचा बारकाईने अभ्यास झालेला आहे. वीडा स्कुल्टान्स या मानववंशशास्त्राच्या विदुषीने सातारा जिल्ह्यातील फलटणच्या महानुभाव मंदिरात राहून तेथील कुटुंबांचे निरीक्षण केले आणि १९८७ साली ते प्रसिद्ध केले. तिला तेथे असे दिसले की, मुलगा किंवा नवरा वेडा झाला म्हणजे त्याच्याबरोबर येणारी बहुधा आई किंवा बायको असते. ती मंदिराच्या आसऱ्याने राहते, उपास करते आणि देवाला विनविते की, याची पीडा माझ्या अंगावर येऊ दे. पुढे तिच्याच अंगात येऊ लागते, आणि ते घरच्यांना शुभचिन्ह वाटते. मुलाचे दुखणे आईने आपल्यावर ओढून घेतले, असा त्याचा अर्थ.

परंतु याच अभ्यासाची दुसरी बाजू वाचताना मन विषण्ण होते. बाई वेडी झाली म्हणजे तिच्यासाठी असे कोण येऊन राहते? नवरा क्वचितच. पुष्कळदा तिला एकटीच सोडलेली असते. ज्या घरासाठी तिने उपास केले असते, त्या घरातून तिच्यासाठी उपास करणारा पुरुष निघत नाही. आसऱ्याच्या या साऱ्या व्यवस्थेचा भार बायकांच्या खांद्यांवर उभा आहे, आणि बाईवरच वेळ आली की ती व्यवस्था तिच्यापुरती कोसळते. हे कटू असले तरी खरे आहे, आणि दिवाळीच्या पणत्यांच्या उजेडात ते प्रत्येकाने आपापल्या घरात तपासून पाहावे.

आता साखळीविषयी बोलले पाहिजे, कारण ती टाळून हा इतिहास लिहिता येणार नाही. अशा स्थानांवर झाडाला किंवा खांबाला साखळीने बांधलेली माणसे येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिली आहेत; सैलानीचीही तशी वर्णने वृत्तपत्रांत वारंवार येऊन गेली आहेत. बांधणारा पुष्कळदा जन्मदाता बापच असतो. मुलगा पळून गेला, विहिरीत पडला, गाडीखाली आला तर काय करावे, या भीतीने तो कुलूप घालतो. दिवसा मजुरीला जावयाचे तर मुलाजवळ कोणी नाही, म्हणूनही साखळी येते. साखळीच्या मुळाशी नेहमी क्रौर्यच असते असे नाही. पुष्कळ वेळा तिच्या मुळाशी थकवा असतो. परंतु ज्याच्या पायात ती पडते, त्याच्या घोट्यावरचा व्रण तेवढाच खोल असतो.

कुटुंब निघून गेले आणि साखळी मात्र राहिली, म्हणजे काय होते, ते तमिळनाडूतील एरवाडी येथे साऱ्या देशाने पाहिले. रामनाथपुरम जिल्ह्यातील हे गावही एका दर्ग्यासाठी प्रसिद्ध. दर्ग्याच्या आसपास खाजगी लोकांनी रुग्णांना ठेवून घेणारी घरे काढली होती. कुटुंबे पैसे देऊन आपले माणूस तेथे सोडून जात. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका गवती छपराच्या घरास आग लागली. आतले रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे दगावली. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची आपण होऊन दखल घेतली आणि तसली घरे बंद झाली.

पुढे कायदेही झाले. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात भूत उतरविण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे आणि मारहाण करणे हा गुन्हा ठरविला आहे. पूजाअर्चा, वारी, नवस यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास देशभर बंदी केली. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात मानसिक आजार ही एक अपंगता म्हणून मोजली गेली होती, आणि २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगतेचे एकंदर २१ प्रकार मानून या माणसांना हक्क दिले. कागदावर आता साखळीला जागा उरलेली नाही.

मग देवाच्या दारी राहणे हेच मुळात चूक काय? या प्रश्नाचे उत्तरही तमिळनाडूतच मिळते, आणि ते एरवाडीच्या अगदी उलट आहे. तेथील एका खेड्यात मुथुस्वामीचे मंदिर आहे. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉक्टरांनी २००० साली तेथे येणाऱ्या ३१ रुग्णांची, आल्या वेळी आणि जाते वेळी, तपासणी केली. बहुतेकांना स्किझोफ्रेनियासारखे गंभीर आजार होते. मुक्काम सरासरी सहा आठवड्यांचा. तेथे औषध नव्हते, मंत्रतंत्र नव्हते, मारझोड नव्हती. सकाळची साधी पूजा आणि दिवसभर झाडलोट, झाडांना पाणी घालणे असली हलकी कामे. राहणे फुकट होते, आणि बरोबर घरचे एक माणूस असे. जाते वेळी रोगाच्या लक्षणांत सुमारे २० टक्के उतार आढळला. हा अभ्यास २००२ साली इंग्लंडातील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ३१ माणसांवरून मोठे सिद्धान्त बांधू नयेत, आणि यावरून औषध सोडून देण्याचा सल्ला तर कोणीच घेऊ नये. परंतु दोन दारांतला फरक डोळ्यांत भरतो. देवाच्या नावाची छाया दोन्हीकडे होती. एकीकडे घरचे माणूस सोबत होते; दुसरीकडे त्याच्या जागी साखळी होती.

स्वतंत्र भारताच्या डॉक्टरांपैकी काही शहाण्यांनी हे फार लवकर ओळखले होते. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मानसिक इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातलगांना त्यांच्याजवळ राहू दिले. १९५७ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने मानसिक आरोग्याचे केंद्र काढले, तेव्हा तेथेही कुटुंबासह राहण्याचाच पाया घातला. म्हणजे जत्रेतल्या आईला जे आपोआप कळले होते, ते पुढे इस्पितळानेही शिकून घेतले.

युरोपात बेल्जियम देशात गील नावाचे एक गाव आहे. त्याची कथा तर आपल्या सैलानीची जुळी बहीण शोभावी अशी आहे. इकडे गोविंदप्रभू रिद्धपूरच्या गल्ल्यांतून हिंडत होते, त्याच तेराव्या शतकात तिकडे संत डिंफ्ना हिच्या स्थानी वेड्यांना घेऊन यात्रेकरू येऊ लागले. चर्चला लागून असलेल्या खोलीत नऊ दिवसांचे अनुष्ठान करावयाचे अशी रीत होती. ती खोली पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले. नऊ दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षे झाली. आईवडील वारले म्हणजे त्या घरातला मुलगा तोच पाहुणा पुढे चालवी. १८५० साली सरकारने ही व्यवस्था आपल्या देखरेखीखाली घेतली, डॉक्टर नेमले आणि पुढे गावात एक रुग्णालयही बांधले. पण रुग्णांना घरांतून बाहेर काढले नाही. १९३० च्या दशकात त्या एका गावाच्या घराघरांतून साडेतीन हजारांहून अधिक असे पाहुणे राहत होते. आता संख्या पुष्कळ घटली आहे, तरी रीत मोडलेली नाही. श्रद्धेने दार उघडले, गावाने जागा दिली, सरकारने औषध आणले आणि कोणी कोणाला बाहेर हाकलले नाही, हे गीलच्या कथेचे सार.

आपल्याकडे असे कोणी केलेच नाही, असे समजण्याचे कारण नाही. वऱ्हाडानेच या मार्गाचा एक थोर वाटाड्या दिला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले डेबूजी जानोरकर, म्हणजेच आपले गाडगेबाबा. लोकांनी त्यांनाही आधी वेडा म्हटले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी आंधळ्यापांगळ्यांच्या पंगती बसविल्या. नाशिकला त्यांच्यासाठी सदावर्त घातले. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या. पण स्वतः कधी देवळात मूर्तीपुढे जाऊन बसले नाहीत. नवस, बळी आणि अंगात येणे यांची कीर्तनात अशी काही खिल्ली उडवीत की, हसता हसता माणसाला आपलीच लाज वाटावी.

बाबांच्या दृष्टीची खरी झेप मुंबईच्या जे. जे. रुग्णालयापाशी दिसते. खेड्यातून रोग्याला घेऊन आलेले नातलग पदपथावर निजतात, हे पाहून बाबांनी त्यांच्यासाठी तेथे धर्मशाळा उभी केली. जी धर्मशाळा शेकडो वर्षे देवाच्या दारात होती, ती त्यांनी इस्पितळाच्या दारात नेऊन ठेवली. औषध डॉक्टरांनी द्यावे आणि सोबतीच्या माणसाला निवारा धर्माने द्यावा, अशी ती सरळ वाटणी होती. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. पण या वाटणीचे शहाणपण अजून आपल्या पुरते अंगवळणी पडलेले नाही.

बुलढाणे जिल्ह्यातल्या संस्थांनी मात्र त्या दिशेने पावले टाकली आहेत. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने दवाखाने काढले आणि मतिमंद मुलांसाठी विद्यालय चालविले. पत्रावळींवरचे शितकण वेचणाऱ्याच्या नावाने, ज्याला शाळेत कोणी घेत नाही अशा मुलासाठी शाळा निघावी, हे सर्वथा योग्य झाले. मेहकर तालुक्यात हिवरा येथे शुकदास महाराजांनी १९६० च्या दशकात विवेकानंदांच्या नावाने आश्रम काढला. २०१७ साली निधन होईपर्यंत रुग्णसेवा हीच ते उपासना मानीत आले. जत्रेची गर्दी जमविणे या दोन्ही स्थानांना अवघड नाही. त्या गर्दीची श्रद्धा त्यांनी दवाखान्याकडे आणि शाळेकडे वळविली, हे अधिक अवघड होते.

पण आरंभीच्या आईचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. माझ्यामाघारी याचे कोण? या प्रश्नाला अगदी सरळ उत्तर देणारा एक माणूस शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे भेटतो. गाडगेबाबांना गुरू मानणारे शंकरबाबा पापळकर यांनी तेथे कै. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने मतिमंद, मूकबधिर आणि बेवारस मुलांचे घर उभे केले. रेल्वे स्थानकावर, कचराकुंडीपाशी, देवळाच्या पायरीवर सोडलेली मुले पोलिसांनी आणून दिली आणि ती येथे वाढली. अशी सव्वाशेच्या आसपास मुलेमुली आहेत. त्यांच्या कागदपत्रांवर बापाच्या नावाच्या जागी शंकरबाबा पापळकर हेच नाव आहे. बाबांनी त्यांच्यांतील कित्येकांची लग्ने लावून दिली. त्यांच्या एका दृष्टिहीन मुलीने राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि २०२४ साली ती उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली.

शंकरबाबांचे मागणे मात्र पदकाचे नव्हते. कायद्याप्रमाणे बालगृहात मूल अठरा वर्षांपर्यंतच राहू शकते. अठरा वर्षे पुरी झाली की त्याने बाहेर पडावयाचे. ज्याला आपले नावही सांगता येत नाही, त्याने बाहेर पडून कोठे जावयाचे? बेवारस दिव्यांग मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच घरात राहू द्या, असा कायदा करा, हे त्यांचे सरकारकडे वर्षानुवर्षांचे सांगणे आहे. सैलानीला चूल मांडून बसलेल्या आईचाच हा प्रश्न. फक्त येथे तो एका बापाने सव्वाशे मुलांच्या वतीने विचारला आहे.

इतिहास असा पाहिल्यावर एक गोष्ट पटते. आसरा मंदिराचा आहे की इस्पितळाचा, दर्ग्याचा आहे की आश्रमाचा, यावरून त्याची पारख होत नाही. आत राहणाऱ्याजवळ त्याचे म्हणावे असे कोणी माणूस आहे काय, आणि त्याला वाटले तर दार उघडून बाहेर येता येते काय, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. रिद्धपूरच्या शिष्यांपाशी, मुथुस्वामीच्या मंदिरात, गीलच्या घरांत आणि वझ्झरच्या बालगृहात सोबतीला माणूस होते. एरवाडीला ते नव्हते, आणि दारही उघडत नव्हते.

सैलानीचे पुढे काय व्हावे, याचाही नमुना डोळ्यांसमोर आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथेही अशीच गर्दी. तेथे मानसोपचाराचे डॉक्टर आणि दर्ग्याचे मुजावर यांनी एकत्र बसून वाट काढली. मुजावराने भक्तासाठी दुआ मागावी आणि त्याच वेळी त्याला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवावे. दवाही चालू, दुआही चालू. भक्ताला आपला देव सोडावा लागत नाही आणि डॉक्टरला रोगी गाठावयास दूर जावे लागत नाही. जिल्हावार मानसिक आरोग्याचा सरकारी कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे आणि बुलढाणे जिल्हाही त्यात आलेला आहे. आता नागपूरची वाट धरण्याचे कारण उरलेले नाही. दर्ग्याच्या दारापासून औषधापर्यंतची वाट निष्कंटक करणे, एवढेच काम राहिले आहे. ते करताना आईची चूल मात्र उठवू नये.

दिवाळीचे चार दिवस सरले की भाऊबीज येते. कोठल्यातरी आश्रमात, कोठल्यातरी दर्ग्याच्या आवारात, एखादी बहीण अशी असेल की तिला सोडून आल्याला पाच-सात वर्षे झाली. तिच्या ओवाळण्यात कदाचित शब्द नसतील. कदाचित ती भावाला ओळखणारही नाही. तरी त्या दिवशी एस. टी. धरावी आणि तिच्याकडे जावे. बरोबर करंज्यांचा डबा न्यावा, तिच्याजवळ तासभर बसावे, आणि निघताना पुन्हा केव्हा येणार ते तिला सांगून यावे.